दार जरा उचलून

दार काही केल्या लागेना. वसुली अधिकाऱ्याने दोनदा खांदा लावून पाहिला. तिसऱ्यांदा लाथ मारायला पाय उचलला, पण घरात बायका आहेत हे ध्यानात येऊन खाली ठेवला.

"फुगलंय," कुलूपवाला म्हणाला. त्याने मूठ धरली, दार जरा वर उचललं आणि गुडघ्याने हलकेच रेटलं. दार निमूट बसलं.

मुरलेला गडी दिसतोय, असं अधिकाऱ्याच्या मनात आलं. नेहमीचा कुलूपवाला आज आला नव्हता. "त्याला बरं नाही, आजच्यापुरता मी," एवढंच हा सकाळी म्हणाला होता.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. सामान जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. दोरीने आवळलेल्या गाद्या, भांड्यांची पोती, चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन. आत एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यावर एक म्हातारी ओठ घट्ट मिटून बसली होती.

"या कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माझ्या सासूबाई," घरवाली म्हणाली. "डोळ्यांनी अधू आहेत."

"आजी, पाणी वगैरे हवं का?"

म्हातारीने मान हलवली. नाही.

"त्या आज बोलायच्या नाहीत," घरवाली म्हणाली.

अधिकाऱ्याने पुढे विचारलं नाही. अशा दिवशी कुणाची वाचा बसते, कुणी भांडतं, कुणी चहा करतं. त्याने सगळं पाहिलं होतं.

कर्ज घरवालीच्या नावावर होतं. ती कपड्यांच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला आणि हप्ते थकले. सरकारने अशा लोकांसाठी योजना काढली होती, थकलेले हप्ते सरकार भरणार. तिचा अर्ज सगळ्या टेबलांवरून फिरून शेवटच्या सहीसाठी थांबला होता. दाराला बँकेचं कुलूप लागायच्या आत मंजुरीचा फोन आला तर घर वाचणार होतं. कुलूप लागलं की अर्ज बाद, कारण मदत फक्त राहत्या घराला होती.

"फोन आला का हो?" तिने विचारलं.

"आला की सांगेन ना. लपवून मला काय मिळणार आहे?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

अधिकारी जरा ओशाळला. "तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"कामावर गेलेत."

"आज?"

"आजच तर जायला हवं होतं."

अधिकाऱ्याने मान फिरवली. बायको आणि आई जिन्यात बसायची वेळ आलीय आणि हा बहाद्दर हजेरी लावायला गेलाय. असेही नवरे असतात.

कुलूपवाल्याचं काम मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. आधी स्क्रू फिरेना. मग ड्रिलचं पातं बोथट निघालं, दुसरं आणायला तो खाली जाऊन आला. जुनं कुलूप निघाल्यावर त्याने ते फुंकर मारून साफ केलं, रुमालात बांधलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"त्या भंगाराचं काय करणार?"

"असू दे."

मग त्याने तेलाची बाटली काढली आणि तो बिजागऱ्यांना तेल घालायला लागला.

"अहो, हे कुणी सांगितलंय तुम्हाला?" अधिकारी म्हणाला. "घर लिलावात जायचंय."

"करकरतं ते."

"करकरू दे. तुम्ही मजुरी तासावर घेता की काय?"

"नाही. कामावर."

"मग आटपा. तुमच्या या चालीने कुलूप लागेपर्यंत मला पेन्शन सुरू होईल."

कुणीच हसलं नाही.

"लागू दे त्यांना वेळ," घरवाली म्हणाली. "आम्हाला कुठे गाडी गाठायचीय?"

तेवढ्यात फोन वाजला. कुलूपवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. घरवाली भिंतीला हात टेकून उभी राहिली. म्हातारीनेही मान वळवली.

फोन बँकेतून होता. अधिकारी ऐकत राहिला. सही करणारे साहेब बैठकीला निघून गेले होते, ते आज काही परत येत नाहीत. आता थांबू नका. कुलूप लावल्याचा फोटो पाठवा.

"हो सर," अधिकारी म्हणाला आणि त्याने फोन खिशात टाकला. घरवालीकडे न बघता तो कुलूपवाल्याला म्हणाला, "लावा."

"थोडं थांबून बघितलं तर?"

"लावा म्हटलं ना. तुमचं काय जातंय?"

कुलूपवाला पुन्हा दाराशी वाकला. त्याने नवं कुलूप दारात बसवलं, एकेक स्क्रू आवळला. आता पातंही बोथट नव्हतं आणि स्क्रूही अडत नव्हते. घरवालीने सासूला हाताला धरून बाहेर आणलं, मग खुर्ची आणली. रिकाम्या खोलीकडे तिने एकदा पाहिलं, तेवढंच. कुलूपवाल्याने दार जरा वर उचललं, गुडघ्याने रेटलं आणि किल्ली फिरवली. किल्ल्यांचा जुडगा त्याने अधिकाऱ्याच्या हातात ठेवला.

अधिकाऱ्याने फोटो काढला. दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. त्याला तसंच निघून जाणं जड गेलं.

"तुमचे मिस्टर येतील तेव्हा येतील," तो घरवालीला म्हणाला. "तोवर आजींना घेऊन जिन्यात किती वेळ बसणार? या कुलूपवाल्याला सांगतो, सामान खाली उतरवून देईल. काय हो, द्याल ना?"

कुलूपवाला हत्यारांच्या पिशवीची चेन ओढत होता. त्याने नुसती मान हलवली.

म्हातारीने हवेत हात चाचपडला. तो कुलूपवाल्याच्या बाहीला लागला तशी तिने बाही घट्ट पकडली.

"झालं का रे तुझं काम?" ती म्हणाली. "आता आई बोलली तर चालेल ना?"