मोरीपलीकडचा भाऊ

गोदाने हातातल्या बांगड्यांवर फडकं करकचून गुंडाळलं, नवऱ्याचा रेल्वेचा जाड कोट चढवला आणि घोंगड्याची खोळ नाकापर्यंत ओढली. बांगड्या वाजायला नकोत, एवढीच तिला काळजी. बाकीचं अंधार आणि पाऊस सांभाळून घेत होते.

"गोदे, आज नको जाऊस," धाकू अंथरुणातून म्हणाला. "संध्याकाळपासून नुसता धरलाय. नदी चढली असंल."

"म्हणूनच जायला पायजे. रुळांखालची मोरी कोण बघणार?"

नऊ दिवसांच्या तापाने धाकूचं पार चिपाड झालं होतं. पावसाळ्यात रात्री रुळांवर गस्त घालायची, हे त्याचं काम. गेल्या साली एक गस्तवाला चार रात्री आजारी पडला, तर मुकादमाने पाचव्या दिवशी त्याला बिऱ्हाडासकट चौकीबाहेर काढलं. धाकूची नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, तेही भर श्रावणात, आणि हा असा पडलेला. मग गोदाने काय करावं? पहिल्याच रात्री तिने कंदील उचलला, झालं.

काम तसं सोपं. कल्याणच्या बाजूने धाकूने चालत यायचं, टिटवाळ्याच्या बाजूने दौलतने. मोहन्याजवळच्या मोरीवर दोघांनी भेटायचं, आपापले पितळी बिल्ले बदलायचे आणि माघारी फिरायचं. सकाळी मुकादमाला चौकीच्या दाराला दुसऱ्याचा बिल्ला टांगलेला दिसला, की गस्त झाली म्हणायची. लबाडीला जागा नको, हे साहेबाचं डोकं. आता साहेबाच्या डोक्यात सगळ्याच लबाड्या कशा येणार?

"दौलतशी बोलू नकोस हां," धाकूने तेव्हाच बजावलं होतं. "माणूस सोन्यासारखा, पण तोंड उघडलं की मिटत नाय. त्याला कळलं म्हणजे गावाला कळलं."

पण दौलत एका शब्दानेही बोलला नव्हता. मान खाली घालून यायचा, बिल्ला पुढे करायचा, गोदाचा घ्यायचा, की निघाला. चौथ्या रात्री गोदाला खोकल्याची उबळ आली. पाचव्या रात्री बिल्ल्याबरोबर त्याने तिच्या तळहातावर सुंठेचा खडा ठेवला.

"दौलत आणि गप्प?" धाकूला नवल वाटलं होतं.

गोदाला मुळीच नवल वाटलं नाही. त्याने ओळखलंय, असं तिच्या मनाने घेतलं. ओळखलंय आणि बिचाऱ्याने माणुसकीने पोटात घातलंय. तिला भाऊ नव्हता. यंदा भाऊबिजेला या दौलतला मनातल्या मनात ओवाळायचं, हे तिने ठरवूनही टाकलं होतं.

त्या रात्री आभाळ फाटलं होतं. मोरीच्या भिंतीवर चुन्याचा पट्टा होता. पाणी पट्ट्याला लागलं की गाडी थांबवायची, असा नियम. गोदा पोचली तेव्हा पट्टाच काय, भिंतही दिसेना. नदीचं पाणी मागे रेटून आलं होतं आणि त्याने रुळांखालची खडी, माती सगळी ओढून नेली होती. दोन रूळ तेवढे पाण्यावर लोंबकळत होते.

पलीकडून कंदील येत होता. गोदाने आपल्या कंदिलाची लाल काच फिरवली आणि हात वर करून कंदील हलवला. पण दौलतची मान नेहमीसारखी खाली. पावसाचा मारा चुकवत तो रोजच्या चालीने येत राहिला. अजून दहा पावलं, की थेट लोंढ्यात.

गोदाने ओठ दाताखाली दाबला. मनात ओळखून गप्प राहणं निराळं. आता हाक मारली तर सकाळी साहेब विचारणार, मोरी फुटल्याची हाक कोणी दिली? त्याने तिच्यापायी खोटं का बोलावं? नवऱ्याची नोकरी तिने त्या क्षणी पाण्यात सोडली.

"भाऊ, थांब! पुढं पाऊल टाकू नकोस, खालची माती गेली!"

पलीकडचा कंदील जागीच थबकला.

"टिटवाळ्याकडनं मेल यायची हाय. तू तिकडं पळ, लाल दाव. मी कल्याणकडं जाते."

कंदील गर्रकन वळला आणि पळत सुटला. गोदाही पळाली. चाकाखाली आले की बार उडतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो, ते फटाके तिने दूरवर जाऊन रुळाला बांधले. लाल कंदील खांबाला टांगला आणि चिखलात फतकल मारून बसली. बऱ्याच वेळाने टिटवाळ्याकडून तीन बार ऐकू आले, मग लांबलचक शिट्टी. मेल थांबली. गाडीतली माणसं वाचली म्हणून गोदा रडली, आणि आपलं घर बुडालं म्हणूनही रडली.

पहाटे साहेब यायच्या आत ती मोरीशी परतली. पाऊस उतरला होता. पलीकडे तोही येऊन उभा होता, खोळ तशीच तोंडावर.

"भाऊ, आता लपवून काय करू," गोदा म्हणाली. "आमचे धनी तापानं पडलेत. नऊ रात्री मीच येते. साहेबाला सांगू नकोस रे. असल्या दुखण्यात त्यांना घेऊन मी कुठं जाऊ? मी तुला भाऊ मानलंय. पाया पडते तुझ्या."

पलीकडचा माणूस मटकन खाली बसला. खांदे गदगदून हलत होते. तो रडतोय की हसतोय, गोदाला कळेना. मग त्याने सावकाश डोक्यावरची खोळ मागे सारली.

"मी कुणाला नि काय सांगू, बाई?" पलीकडून बाईचा आवाज आला. "आमचे धनीबी नऊ दिवसांपासनं अंथरुणाला खिळलेत."