विचाराल तेवढंच

"मी लिहिणार नाही," मैत्रेयी म्हणाली. "तुम्हाला हवंय ना, मग तुम्ही लिहा. विचाराल तेवढंच सांगीन."

उमाकांतांनी चष्मा चढवला आणि मुलीच्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली. विमा कंपनीची अख्खी शाखा त्यांच्या शब्दावर चालायची. कळफलकाला हात लावणं हे त्यांच्या लेखी कारकुनांचं काम. पण बोस्टनचं स्थळ आलं होतं आणि मुलाच्या वडिलांचा निरोप होता, मुलीची माहिती नेटवर टाका, मुलगा तिकडूनच बघेल. आज संध्याकाळी त्या पानाचा पत्ता कळवायचा होता. असली माहिती वैशाली नगरातल्या कुठल्या सायबर कॅफेवाल्याच्या हातात द्यायची त्यांची तयारी नव्हती. आणि घरात तर नेटवरची पानं बनवणारी मुलगीच बसली होती. सीतापुऱ्यातल्या एका एक्सपोर्टवाल्याकडे ती दिवसभर तेच करायची.

बाहेर जूनचं ऊन भाजत होतं. कूलर घरघरत होता. मैत्रेयी मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी तिचं नाव लिहिलं, शिक्षण लिहिलं, गोत्र लिहिलं. पान उघडून बघितलं तर सगळं मोठमोठ्या, ठळक अक्षरांत पडद्याबाहेर चाललेलं.

"हे एवढं मोठं का दिसतंय?"

"हेडिंगचा टॅग उघडलात, बंद नाही केलात."

"टॅग म्हणजे?"

"टोकदार कंसात लिहायचा हुकूम. तुम्ही थांबवेपर्यंत तो चालूच राहतो."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही. टॅग बंद करायची तिरपी रेघ कुठं द्यायची ते विचारलं, तिनं सांगितलं, त्यांनी दिली. अक्षरं शहाण्यासारखी लहान झाली. मग त्यांना पानाला गुलाबी रंग हवा होता. तो कुठल्या शब्दानं येतो हेही त्यांनी विचारलं, आणि पान एकदम गुलाबी झालं तेव्हा त्यांना हसू आलं. आपण लिहिलं आणि झालं! ते कुणाला तरी दाखवावं म्हणून त्यांनी मान वळवली. मैत्रेयी खिडकीबाहेर बघत होती.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला, पडदा काळा झाला. परत आली तेव्हा पान कोरं होतं.

"सेव्ह केलं नव्हतंत?"

"ते मला सांगायला नको होतं का तू?"

"विचारलं नाहीत तुम्ही."

स्वयंपाकघरातून जयंतीबाई म्हणाल्या, "अगं, सांगावं गं. बाबा आहेत ते." उमाकांतांनी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी प्रत्येक ओळीनंतर सेव्ह केलं.

"रंग कुठं लिहू?"

"अक्षरांचा की माझा?"

"मैत्रेयी."

"पानावर कुठंही लिहा. मला काय."

त्यांनी इंग्रजीत लिहिलं, फेअर. ती पुढे झुकली, बघितलं, पुन्हा भिंतीला टेकली. "स्पेलिंग बरोबर आहे," म्हणाली.

नोकरीची ओळ आली. त्यांनी तिला काही विचारलं नाही. लग्नानंतर सोडायला तयार, असं लिहून टाकलं.

"हे मी कधी म्हणाले?"

"तुला विचारलेलं नाही मी."

शेवटी एक जागा राहिली. मुलाच्या वडिलांनी ती मुद्दाम सांगितली होती. उमाकांतांची बोटं थबकली. या मुलीला घरात वाढताना त्यांनी पाहिलं होतं, तिच्या फिया भरल्या होत्या, आजारपणं काढली होती. तरी ओळ पुढे सरकेना.

"तुला आवड कशाची आहे?" त्यांनी विचारलं.

मैत्रेयी भिंतीपासून सुटी झाली. प्रश्न खरा आहे का, हे ती बापाच्या पाठीकडे बघून ताडत असावी.

"याची," ती म्हणाली. पडद्याकडे बोट होतं. "पानं बनवायची. रात्री डोळे मिटले तरी रकाने दिसतात मला. हा रंग इथं नको, तो तिथं हवा. मतलब... दुसरं काही सुचतच नाही, बाबा."

उमाकांतांनी ऐकून घेतलं. मग लिहिलं, कुकिंग. स्वल्पविराम दिला, रांगोळी. सेव्ह केलं.

ती हसली, पण तसं हसताना त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं ओढणी खांद्यावर घेतली आणि दाराशी गेली.

"आता फोटो," ते म्हणाले. "स्टुडिओतून आणलेला. तो कसा लावायचा?"

तिनं टॅग सांगितला. एकेक अक्षर, सावकाश, वर्गात सांगावं तसं. त्यांनी तो चुकीशिवाय लिहिला.

"आणि फाइलचं नाव?"

"काहीही लिहा. फोटो मी सकाळीच पुसून टाकला. सीडीसुद्धा मोडली."

"पुन्हा काढू."

"मी बसले तर," ती म्हणाली आणि आत गेली. दार आपटलं नाही. नुसती कडी लागली.

उमाकांत उठले, बसले. मग त्यांनी पान उघडलं. गुलाबी पानावर सगळं जागच्या जागी होतं, एक अक्षर तिरपं नाही. वर मधोमध फोटोच्या जागी रिकामा चौकोन होता आणि त्याच्या कोपऱ्यात लहानशी लाल फुली. त्यांनी पान पुन्हा उघडलं. अक्षरं आली, रंग आला, फुली आली.

जयंतीबाई पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"झालं का हो?"

"झालं," उमाकांत म्हणाले. "फोटो तेवढा यायचाय."