घरचं पाणी

रझाकारांच्या तलवारीने धर्मराजचं पोट फाटलं होतं. थोरल्या भावाने, रामरावाने, त्याला आष्टीच्या चर्चच्या पडवीत आणलं. तिथे जखमींच्या खाटा लागल्या होत्या. नर्स मार्थाबाई ओल्या फडक्याने त्याचे ओठ टिपायला गेली, तशी रामरावाने काठी घातली. तिचं मनगट मोडलं.

"मिशनचं पाणी पाजून बाटवती का गं?"

"पाजत न्हाई, पुसून राह्यले," ती कळवळली. "पोटात थेंब जरी गेला, तर मरंल तो."

रामराव कुऱ्हाड घेऊन खाटेशी बसला. चर्चच्या एकाही माणसाला त्याने जवळ येऊ दिलं नाही. दुपारी धर्मराज तडफडून गेला.

मार्थाबाई धावत आली. "काय दिलं त्याला?"

"तुमचा थेंब शिवू दिला न्हाई, बाई," रामराव रडत म्हणाला. "आमच्याच आडाचं पाजलं, तांब्याभर."