तिशीतला यशोधन

मालिनीबाईंनी सॅकमध्ये लोकरी टोपी, हातमोजे, सुपाचा थर्मास आणि तातडीची औषधं भरली. हिमवादळात अडकलेल्या यशोधनने शीतनिद्रेची गोळी घेतली, तेव्हा केतकी पाळण्यात होती. काल बर्फ वितळून तो सापडला. जिवंत होता, आणि अजून तिशीतलाच. आता वरच्या छावणीत तो शुद्धीवर येत होता. वाट पाहून थकलेल्या मालिनीबाईंना आनंदही पेलवत नव्हता.

“आई, बाबा मला ओळखतील?” केतकीने विचारलं. तिचेही केस पिकू लागले होते.

“मला ओळखलं तरी पुष्कळ झालं.”

केतकीने सॅकला काठी बांधली. “उतरताना बाबांना लागेल.”

“त्याला कशाला? तो पळत उतरेल.” मालिनीबाईंनी काठी सोडवून हातात घेतली. “ही मला लागते गं.”