दोन्ही उजव्या

थोरल्याने माप घ्यायला टेप उघडली आणि सवयीने म्हणाला, "दोन्ही हात सैल सोड." म्हणाला आणि जीभ चावली. धाकट्याने डावा हात सैल सोडला. उजवा अपघातात गेला त्याला अडीच महिने झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत तो मोजून दहा वाक्यं बोलला असेल.

दोघा भावांचं शिवणाचं दुकान. धाकटा कापड बेतून कापायचा, थोरला शिवायचा. धाकटा म्हणजे थोरल्याचा उजवा हात, असं अख्खी गल्ली म्हणायची. आता म्हणत नाही, एवढीच काय ती माणुसकी. कापणाराच नाही तर शिवणार काय, म्हणून दुकान बंद पडल्यात जमा होतं. आपण ह्या धंद्यात परत पडणार नाही, असं धाकट्याने घरात सांगून टाकलं होतं. आज आला तो गिऱ्हाईक म्हणून, कोटाचं माप द्यायला, आणि तेही थोरल्याने चार वेळा निरोप धाडल्यावर.

थोरला गप्प बसणाऱ्यातला नव्हे. कापताकापता त्याने तोंडाचा पट्टा सुरू केला. म्हणे रॅग्लन बाही करतो, गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण, अंगात चढवायला सोपी. रॅग्लन कोण होता ठाऊक आहे का? मोठा इंग्रज सरदार. लढाईत त्याचाही उजवाच हात गेला, आणि म्हणतात की त्याच्यासाठीच ही बाही बेतली गेली. हात गेला तरी गडी घरी बसला नाही, पुढे सेनापती झाला.

"त्याला काय, हुकूमच सोडायचे होते," धाकटा म्हणाला. "शिंपी असता तर?"

 थोरल्याने मान खाली घालून नमुन्याचा कागद कापडावर ठेवला आणि एक बाही कापली. मग तोच कागद तसाच सरकवून दुसरी कापली. कागद पालथा घालायचा असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"दादा, दोन्ही उजव्या कापल्यास."

थोरल्याने दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले आणि त्याला रडू फुटलं. मला नाही रे जमत, म्हणाला, तू नसलास तर दुकान विकलेलंच बरं. उरलेल्या कापडात जेमतेम एक बाही निघाली असती.

धाकटा त्या कापडाकडे बघत राहिला. भाऊ समोर रडतोय आणि आपल्याला काहीच कसं वाटत नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. मग तो उठला. त्याने कागद पालथा घातला, हलू नये म्हणून वर थंड इस्त्री ठेवली आणि डाव्या हातात खडू घेतला. रेघ लहान मुलाने काढावी तशी निघाली. खडू दोनदा मोडला.

पट्टी लावून सरळ करून घेतो, असं डोळे पुसत थोरला म्हणाला. धाकट्याने नकारार्थी मान हलवली. थोरल्याने कात्री उचलली खरी, पण रेघ सोडून सरळच कापायला लागला. धाकट्याने कात्रीवर हात ठेवला.

"रेघेवरून काप."

थोरल्याने कात्री मागे घेतली. मग रेघ जिथे जिथे डगमगली होती, तिथे तिथे तो कात्रीही तशीच वळवत गेला.