द्विवचन

"निघाली!" डॉक्टरांनी चिमट्यातली बटणाएवढी बॅटरी वाटीत टाकली. टेबलावर तीन वर्षांची पोर भुलीखाली निपचित पडली होती. "सिस्टर, आईला दाखवून या. बिचारीचा जीव टांगणीला लागलाय."

सिस्टर वाटी घेऊन दाराबाहेर आली. मुलीची आई, ती परदेशी बाई, धावत आली, वाटीत डोकावली आणि हायसं वाटायच्या ऐवजी तिने सिस्टरचे दोन्ही दंड गच्च धरले. "बत्तारियतैन!"

"हो हो, बॅटरी. हीच ती. निघाली." सिस्टरने हसून मान डोलावली.

बाईची पकड सुटेना. तोच शब्द पुन्हा पुन्हा, शेवटावर जोर देऊन. "बत्तारियतैन!"

सिस्टरची अरबीची शिकवणी सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते. तिकडचे पेशंट वाढले, म्हणून हॉस्पिटलनेच लावलेली. मागच्या तासाला मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं: सय्यारा, एक गाडी. सय्यारतैन, दोन गाड्या. संस्कृतासारखं इथेही द्विवचन असतं म्हणाले, तेव्हा सगळा वर्ग कण्हला होता. शाळेत सुटलेलं भूत पुन्हा मानगुटीवर!

सय्यारतैन. बत्तारियतैन. सिस्टर तशीच आत धावली.

"भूल उतरवू नका! दोन आहेत!"

"एक्स-रेत एकच दिसतेय," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले.

"एकीमागे एक असतील तर? आई दोन म्हणतेय."

"तुम्हाला अरबी येते?"

"नाही येत. पण एवढं कळतं."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. मग नवे हातमोजे मागितले.

नळी पुन्हा घशातून खाली सरकली. पडद्यावर नुसत्या गुलाबी घड्या. आणखी खाली. आणखी. जठराच्या तोंडाशी एका घडीत काहीतरी चकाकलं.

"अरे देवा," डॉक्टर पुटपुटले.

वीस मिनिटांनी सिस्टर बाहेर आली. मुलगी बरी आहे, एवढंच सांगायचं होतं. 'आहे'साठी शब्द शोधताना तिला घाम फुटला. मग आठवलं, अरबीत तो लागतच नाही.

"बिन्त... तय्यिब," ती कशीबशी म्हणाली.

बाई भिंतीला टेकून मटकन खाली बसली. तोंडावर ओढणी धरून रडली. रडता रडताच तिने मान वर केली.

"तय्यिबा," तिने दुरुस्त केलं. बरा नाही, बरी.

सिस्टर तिच्याशेजारी फरशीवरच बसली. "तय्यिबा," तीही म्हणाली.