पुराची रेघ

यशोधराचा हिशेब सरळ होता. सात महिने पूरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेत फुकट राबायचं, चादरी वाटायच्या, याद्या लिहायच्या, सरांचा चहा सांगायचा आणि बदल्यात कॅमेरा शिकायचा. दादरचा कोर्स बाबांच्या पगारात बसणारा नव्हता. इथे फी नाही, असं ती समजून होती.

आज संस्थेच्या नरेंद्र सरांनी कॅमेरा तिच्या हातात दिला. "वेणूबाईंचा शॉट जमला तर पुढची फिल्म तुझी. नाही जमला तर आहेतच याद्या."

मांजर्ली गावात पूर ओसरून पंधरा दिवस झाले होते. वेणूबाईंच्या दारात सर थबकले. जमीन लख्ख, भिंतीला ताजा चुना, आणि वेणूबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसून, पावडर लावून उभ्या.

"मावशी, हे काय करून बसलात?"

"शुटिंगची माणसं येणार, अन् घर तसंच ठेवू? चार दिवस गाळ उपसत होते."

"पण पूर कुठाय?"

"गेला की नदीत."

यशोधराला हसू फुटलं. सरांना नाही. सोमवारी फिल्म देणगीदारांकडे गेली नाही, तर पुढच्या चादरी येणार नव्हत्या.

"घरामागचा गाळ थोडा आत टाकू," ते हळूच म्हणाले. "भिंतीवर खांद्याएवढी रेघ. तेवढंच."

वेणूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग घामेजल्या हातांनी कॅमेरा धरलेल्या पोरीकडे.

"तुझं शिकणं याच्यावर अडलंय का गं बाय?"

यशोधराने होकारार्थी मान हलवली.

"मग आण घमेलं."

पदर खोचून त्यांनीच गाळ पसरला. पांढऱ्या भिंतीवर तळव्याने रेघ ओढली, मागे सरून पाहिली. "अशी नाय. अजून वर होतं पाणी." पुन्हा ओढली. मग जुनी साडी नेसून उंबऱ्यात बसल्या, सांगितलं ते बोलल्या, सांगितलं तिथे रडल्या. सर खूश झाले. त्यांनी टेप मागे फिरवली, तोवर वेणूबाईंची निम्मी जमीन धुऊन झाली होती.

टेपवर रडण्याचा पत्ता नव्हता. घाबरून यशोधराने बटण एकदा जास्तच दाबलेलं. चालू हवा तेव्हा कॅमेरा बंद, बंद हवा तेव्हा चालू. छोट्या पडद्यावर हिरव्या साडीतल्या वेणूबाई आपल्या नव्या भिंतीला चिखल फासत होत्या. "अजून वर होतं पाणी."

सरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, अर्धा तास अजून..."

वेणूबाईंनी पोरीचा चेहरा पाहिला आणि बादली खाली ठेवली. "आण गं घमेलं."

यशोधराने कॅमेरा सरांच्या हातात दिला आणि कोपऱ्यातलं फडकं उचललं.

"नको मावशी. झालं माझं शिकून."

सर कॅमेरा घेऊन निघाले. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

दोघींनी मिळून जमीन धुतली, भिंत पुसली. रेघ काही जाईना. कच्च्या चुन्यात गाळ मुरला होता.

"राहू दे," वेणूबाई धापा टाकत म्हणाल्या. "माझी भिंत गेली, तुझा कॅमेरा."

"आणि सरांचं काय गेलं?"

"त्यांची एक टेप."